खाजेपायी काडीमोड

माझा संसार खाजेपायी मोडला. हसा, खुशाल हसा. गावात लोक अजून हसतात, आणि मी जवळ आलो की एकदम पाऊसपाण्याचं बोलायला लागतात. कुणाची बायको मरते, कुणाची पळून जाते, कुणाला मूल होत नाही म्हणून तो दुसरी करतो. तसं काही असतं तर मी चार माणसांत ताठ मानेनं सांगितलं असतं. पण माझ्या बायकोला माझ्या घरी खाज सुटायची आणि माहेरी गेली की जायची, एवढ्यावर पंच बसले आणि आमची काडीमोड झाली. चूक कुणाची होती हे मला डोक्याचे केस पांढरे झाल्यावरही धड सांगता येत नाही. कधी वाटतं माझी, कधी वाटतं कुणाचीच नाही, आणि कधी असा राग येतो की कुणाची तरी असावीच असं वाटतं.

आमचं गाव वलगावच्या अंगाला. काळी जमीन, दोन बैलजोड्या, एक विहीर. तिचं माहेर अकोटच्या पलीकडं, बैलांच्या दमणीनं दोन मुक्कामांची वाट. लग्नात हळद उतरली तेव्हा तिच्या कोपरांच्या आतल्या बाजूला बारीक पुरळ उठलेलं होतं. बाया म्हणाल्या, हळद सोसली नाही पोरीला. चार दिवसांत पुरळ गेलं आणि ती गोष्टही लोक विसरले. लग्नाच्या पंगतीत दोन्ही वेळा पोळ्या होत्या हे तेव्हा कुणाच्या ध्यानात यायचं काही कारण नव्हतं.

ती नांदायला आली तेव्हा आमच्याकडं चारचौघांसारखंच खाणं होतं. जवारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, ठेचा, सकाळी ताकात कण्या. गहू फक्त सणाला. ती भाकर अशी थापायची की शेजारची बाई विस्तव न्यायला आली की उभीच राहायची. तोंडानं तिखट होती. मी झोपेत तोंड उघडं ठेवतो यावरून तिनं मला किती छळलं! "असेच झोपत जा," म्हणायची, "एखांदी चिमनी घरटं करन, तेवढंच पुन्य लागन तुमाले." मला राग यायचा आणि बरंही वाटायचं. पहिलं वर्ष-दीड वर्ष असं गेलं. तिच्या अंगावर एक डाग नव्हता, हे मी शपथेवर सांगतो.

मग कापसाचे दिवस आले. कुठल्याशा दूरच्या मुलखात गोऱ्या लोकांची आपसात लढाई जुंपली, त्यांचा कापूस अडकला, आणि आमच्या पऱ्हाटीला भाव चढला. लढाई तिकडं आणि खाज माझ्या घरात, हे कुणी शहाण्यानं मला समजावून सांगावं. माझ्या बापानं पहिल्या वर्षी जवारीचं निम्मं वावर मोडून कापूस पेरला, दुसऱ्या वर्षी सगळंच मोडलं. पऱ्हाटी अंगणापर्यंत आली. मी विचारलं, "आन खाचं काय?" तर म्हणे, "जवारी इकत भेटते. असा भाव परत भेटन का?" पण सगळ्या गावानंच तसं केलं, तेव्हा जवारी विकतही मिळेना. लमाणांचे तांडे नर्मदेकडचा गहू बैलांवर लादून आणत, तो मात्र हवा तेवढा मिळे. मग आम्ही गहू खायला लागलो.

बापानं सोय म्हणून गहू आणला, पण मायनं त्याचा मान केला. तिच्या तरुणपणी कोण्या सोयऱ्यानं लग्नात तिला ऐकवलं होतं की तुमी जवारी खानारे लोक. ते तिच्या मनात इतकी वर्षं रुतून बसलं होतं. तिनं काठवट उचलून सालदाराच्या घरी देऊन टाकली आणि सांगितलं, "या घरात आता भाकर थापाची नाई." झालं! दोन्ही वेळा पोळी. पाहुणा आला की गव्हाचेच पानगे, रोडगे. सकाळी कण्यांच्या ऐवजी गव्हाची सोजी. मलाही आवडायचं, खोटं कशाला बोलू. रोजच दिवाळी असल्यासारखं वाटायचं.

त्याच वेचणीला तिला खाज सुटली. आधी कोपरांच्या आत, मग गुडघ्यांमागं, मानेला, बोटांच्या बेचक्यांत. लाल चट्टे उठायचे, त्यावर बारीक फोड, फोडांतून लस, मग खपली. खपली निघाली की खाली ओलंच. लुगड्याचा काठ त्याला चिकटायचा, आणि तो सोडवताना ती दात खाऊन गप्प बसायची. इतकी बडबडी बाई गप्प बसली की घर ओळखू येईना.

पऱ्हाटीची वाळकी बोंडं बोटांना ओरबाडतात, म्हणून आम्ही म्हटलं की वेचणीनं झालं. माय म्हणाली, वावरात नको जाऊ, घरीच राहा. घरी राहिली तर वाढलं. मग बाजारच्या नव्या लुगड्यावर आळ आला. विलायती कापड, काय लावतात त्याला देव जाणे. ते सोडून जुनी लुगडी काढली. तरी वाढलं. पाणी बदललं. करंजाचं तेल चोळलं, कडुनिंबाच्या पाल्यानं न्हाऊ घातलं. मायनं देवीचे मंगळवार धरले, आणि तिच्याकडूनही धरवले. मंगळवारी दिवसभर काही खायचं नाही आणि सांजेला देवीला निवद दाखवून पोटभर पोळ्या. बुधवारी खाज जास्त. माय म्हणायची, देवी कोपली, दोन मंगळवार अजून धर.

मग विहिरीवर तो शब्द निघाला, महारोग. ती पाणी भरायला गेली की बायांनी आपल्या घागरी सरकवून घेतल्या. ते कळल्यावर माझी माय पदर खोचून विहिरीवर गेली आणि एकेकीचा असा उद्धार केला की आठ दिवस कुणी आमच्या दारावरून गेली नाही. पण घरी आल्यावर तिनंच सुनेचा पाण्याचा लोटा वेगळा ठेवला. मी ते पाहिलं, आणि तसंच चालू दिलं. महारोग ठरला तर तिला घरात ठेवता येणार नव्हतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. तिला तर सगळ्यांत आधी कळलं होतं.

मी तिला अमरावतीला एका नावाजलेल्या वैद्याकडं घेऊन गेलो. वैद्यानं चट्टे पाहिले, वास घेतला, आणि एकदम बाभळीचा काटा घेऊन तिच्या दंडाला टोचला. ती ओरडलीच. "अवो बुढेबाबा, तुमाले टोचू का एक डाव?" मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण वैद्य हसला. म्हणाला, "हिला महारोग नाही. ज्याला काटा इतका लागतो त्याला तो नसतो. हे इसब आहे." मला इतकं हलकं वाटलं की मी त्याचे पायच धरले.

मग त्यानं पथ्य सांगितलं. वांगं बंद, अंबाडी बंद, गूळ बंद, तीळ बंद. "आणि जोंधळा रुक्ष असतो, खाज वाढवतो. भाकरी अजिबात नको. गहू, तूप आणि मुगाचं कढण." मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "भाकर तं आमच्या घरी वर्सापासून बंदच हाये." वैद्य म्हणाला, "उत्तम."

त्या पथ्याची अंमलबजावणी मी अशी केली की काय सांगू. मी स्वतः चुलीपाशी बसून पाहायचो. सकाळी सोजी, दुपारी पोळी-तूप, सांजेला पोळी-तूप. महिन्यात तिच्या मानेवरचे चट्टे गालापर्यंत आले. एकदा ती मायला म्हणाली, "मले एक डाव भाकर आन ठेचा खाऊ द्या ना वो. तोंडाले चव नाई." मायला वाईट वाटलं आणि रागही आला. म्हणाली, "वैद्यानं मना केली ना? आन लोक काय म्हनतीन, कापूसवाल्याच्या घरी सुनेले जवारी चारतात?" तिनं माझ्याकडं पाहिलं. मीही खेकसलो, "जिभंवर ताबा ठेव जरा. बरं व्हाचं हाये का नाई तुले?" त्यानंतर तिनं भाकर मागितली नाही.

इथं एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आमच्यात बाई नवऱ्याच्या ताटात जेवते. तो उठला की त्याच ताटावर ती बसते, त्यानं टाकलेलं आधी खाते आणि मग उरलंसुरलं वाढून घेते. मागं राहणाऱ्या सुनेला काय उरतं हे मी लहानपणापासून पाहिलेलं होतं. म्हणून मी रोज एक-दीड पोळी, तुपानं भिजलेली, मुद्दाम ताटात ठेवून उठायचो. माय म्हणायची, "जेवन जात नाई का रे तुले?" मी म्हणायचो, "पोट भरलं." ती पदराआडून हसायची. आम्ही यावर एकमेकांशी कधी बोललो नाही, पण दोघांनाही माहीत होतं.

शेवटी हवापालट म्हणून तिला माहेरी पाठवलं. दोन महिन्यांनी तिचा भाऊ तिला पोचवायला आला. ती दमणीतून उतरली, आणि मी पाहतच राहिलो. हात साफ, मान साफ, गालावर नुसता एक फिकट डाग. सून घरी आली की तिच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकतात. घरात भाकर नव्हती, मायनं पोळीचा तुकडा ओवाळला. त्या दिवशी पुरणाच्या पोळ्या झाल्या. ती पहिल्यासारखी बोलली, मला चिमणीवरून चिडवलं. आठव्या दिवशी तिचा हात कोपरापाशी गेला. मी म्हटलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काई नाई, डास चावला."

असं दोनदा झालं. तिसऱ्या वेळी माय म्हणाली, "माहेरी ठनठनीत आन अठी आली की अंग सोलते. हिले नांदाचंच नाई." मी मायवर ओरडलो. पण ते ऐकलेलं मनातून जाईना.

मग मी स्वतः तिच्या माहेरी गेलो, की ती तिथं कशी बरी होते ते पाहावं. सासऱ्याची जमीन हलकी, कापूस नावापुरता. ते लोक आपली भाकरच खात होते; वैद्याचं पथ्य तिथं कुणाला परवडणार! पण जावयाला भाकर कोण वाढतो? मी येणार म्हणून सासूनं शेजारून गव्हाचं पीठ आणून ठेवलं होतं, आणि मीही शहाणा, दमणीत घरचा गहू घालून नेला होता. मी पोळ्या जेवायचो आणि सवयीनं ताटात दीड पोळी ठेवून उठायचो. माझ्या मागून ती त्याच ताटावर बसायची. पोहोचलो तेव्हा तिचं अंग आरशासारखं साफ होतं. चौथ्या दिवशी तिनं मान खाजवली. पाचव्या दिवशी चट्टा आला. मी परतलो, आणि पंधरा दिवसांत ती बरी झाल्याचा निरोप आला.

संक्रांतीला गेलो, तेच. अखाजीला, अक्षय्य तृतीयेला गेलो, तेच. सासरा गरीब स्वभावाचा माणूस. मला गोठ्यामागं घेऊन गेला आणि बैलाच्या पाठीवर हात फिरवत, माझ्याकडं न बघता म्हणाला, "जावईबापू, राग नोका मानू. तुमी येता, आन पोरीले खाज येते." मी हसण्यावारी नेलं. वाटेत दमणीत मात्र मला ते खरं वाटायला लागलं. माझ्या घरी तिला खाज येते, कारण मी तिथं असतो. माहेरी ती खाज जाते, कारण मी तिथं नसतो. मी माहेरी गेलो की तिथंही येते. यापेक्षा सरळ गोष्ट कोणती? माझ्याच अंगात काहीतरी होतं. काय होतं ते कुणालाच सांगता येत नव्हतं. अकोटच्या एका भगतानं तर मला नुसतं पाहून सांगितलं की याचं अंग तिच्या अंगाला मानवत नाही.

मी तिला एकदा सरळ विचारलं, "तुले मी नको हाओ का? खरं सांग." ती अशी भडकली! "खाज माह्या अंगाले हाये, मनाले नाई. तुमाले कोन समजावून सांगन आता?" मला ते पटलं, आणि दुसऱ्या दिवशी परत पटेनासं झालं.

ती पुन्हा आमच्या घरी आली तेव्हा मी तिच्यापासून लांब राहायला लागलो. वावरातल्या मांडवात मुक्काम हलवला. तिच्या वाटेत आलो तर बाजूला व्हायचो. विहिरीवर दोन-दोनदा आंघोळ करायचो. फक्त जेवायला घरी जायचो, आणि ती माझ्या ताटात जेवायची. ते सोडलं असतं तर बायकोला टाकली अशी दवंडी पिटली गेली असती. महिनाभर मी तिला बोट लावलं नाही, आणि तिची मान पुन्हा ओली झाली. मग मी समजलो की माझी सावलीसुद्धा तिला बाधते.

सासरा चार पंच घेऊन आला. भांडायला नाही. उलट त्याचेच डोळे भरलेले होते. मारुतीच्या पारावर सगळे बसले. तो म्हणाला, "पोरगी सडून रायली. जित्ती पाह्याची असन तं सोडून द्या. मी तिचा पाट लावून देईन कुठी तरी." माझ्या बापाला चाललंच होतं. कापसाच्या घराला सोयरीक काय कमी! मला विचारलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं तिची ती मान आली. मी म्हटलं, हो. त्या क्षणी मला वाटत होतं की मी तिच्यासाठी फार मोठं काही करतोय. मोडायची काडी कडब्याची लागते. ती आणायला माणूस गेला, तर गावात कडबा कुठं होता? जवारीच नव्हती तर कडबा कुठला! कुणीतरी पऱ्हाटीची काडी आणून हातात दिली. ती ओलसर होती. वाकली, पण तुटेना. आतली काडी कट्कन मोडली आणि वरची साल तशीच लोंबत राहिली. ती पिळून पिळून तोडावी लागली मला. बायको घरात होती, बोचकं बांधून. तासाभरात दमणी निघून गेली.

वर्षाच्या आत तिचा पाट लागला, दुसरं लग्न झालं. मेळघाटाच्या पायथ्याशी एक बिजवर होता. मुरमाड जमीन, कापसाला निरुपयोगी, खायला जवारी. तिकडून येणारा-जाणारा सांगायचा, बाई सोन्यासारखी झाली, अंगावर डाग नाही. मी ऐकून घ्यायचो. मला आनंद व्हायचा, आणि मग वाटायचं, म्हणजे मीच होतो की!

माझ्यासाठी मुली सांगून यायला लागल्या. मी कुणालाच हो म्हटलं नाही. कुणाच्या लेकीचं कातडं सोलायला मी मोकळा नव्हतो. माय रडली, बापानं शिव्या घातल्या. मी मात्र वेड्यासारखा स्वतःच्या अंगाची परीक्षा घेत बसायचो. वासराला तळहात चाटू द्यायचो आणि दुसऱ्या दिवशी त्याचं नाक पाहायचो. बहीण बाळंतपणाला आली तेव्हा तिचं तान्हं दिवसभर मांडीवर घेऊन बसलो आणि मग त्याची कोपरं उलटून पाहिली. बहीण म्हणाली, "काय शोधून रायला रे?" मी म्हटलं, "काई नाई, मुंगी दिसल्यासारखी झाली." त्या पोराला काही झालं नाही. वासरालाही काही झालं नाही. मला काहीच उलगडेना.

तिकडची लढाई मिटली आणि कापसाचा भाव कोसळला. लोकांनी निमूट जवारी पेरली. आमच्याही घरी भाकर आली. त्यावर मायनं अवाक्षर काढलं नाही, आणि आम्हीही विषय काढला नाही.

नंतर एका उन्हाळ्यात मी बैल घ्यायला अकोटच्या बाजारात गेलो. सौदा झाला, बैलाचं दावं हातात घेऊन उभा होतो. समोरून एक बाई आली. मी आधी तिचे हात पाहिले, मग तोंड. हात साफ होते. कडेवर वर्षा-दीड वर्षाचं पोर होतं. काडीमोड झालेली बाई जुन्या नवऱ्याशी भर बाजारात बोलत नाही. मी मान वळवली. पण ती येऊन पुढ्यातच उभी राहिली.

"मले तुमच्याशी बोलाचं हाये," ती म्हणाली. "याच्या बापानंच म्हटलं, जाय, सांगून ये." थोड्या अंतरावर एक माणूस गोऱ्हा धरून उभा होता. त्यानं मला रामराम केला. मीही केला.

"हा झाला ना," तिनं पोराला वर सरकवलं, "तवा मले बारा दिवस सोजी चारली. बायंतीन म्हनून. आमच्या घरी गहू नसते, सासूनं कुठून कुठून जमा केला. चवथ्या रोजी अठी आलं." तिनं कोपर वाकवून दाखवलं. "तेच. तसंच. आन तुमी तं तठी नोयते."

मला काहीच कळेना. मी दावं मनगटाला गुंडाळलं आणि तिच्या कोपराकडं पाहिलं.

"सासूनं सोजी बंद केली, भाकर चालू केली. महिन्यात गेलं. मंग दिवाळीले म्यां मुद्दाम एक पोयी खाऊन पाह्यली. आलं. होळीले अजून पाह्यलं. आलं. गहू हाये तो. तुमी नाई."

"गहू?" मी म्हटलं. "अवो, गहू तं आमी सगळेच खात होतो. मायले नाई झालं, बापाले नाई झालं, मले नाई झालं. तुलेच काहून?"

"ते मले काय मालूम? देवाले इचारा."

"वैद्यानं तं गहूच खाले सांगतला होता."

"हाव ना. सांगतला होता."

मग मला एकेक दिसायला लागलं. आमच्या घरची पोळी. सोजी. माझ्यासाठी शेजारून आणलेलं पीठ. मी दमणीत घालून नेलेला गहू. आणि रोज, दोन्ही वेळा, तुपात भिजवून मी तिच्यासाठी ताटात ठेवलेली ती दीड पोळी. बैल दाव्याला ओढत होता आणि मला ते कळतही नव्हतं. तरी मनाचा एक कोपरा म्हणत होता, असं कसं होईल? गव्हानं कधी कुणाला काही झालंय? आजही तो कोपरा तसं म्हणतो.

"लोक सांगतात तुमी दुसरी केली नाई," ती म्हणाली. "सोताले दोष देत असान, म्हनून सांगतलं. देऊ नोका. तुमच्यानं नोयतं ते."

मी म्हटलं, "तवाच समजलं असतं तं..."

ती एकदम जुन्यासारखी तडकली. "समजाचं काय घेऊन बसले? नसतं समजलं तरी काय होतं? मले जर कोनी इचारलं असतं ना, तं म्यां म्हटलं असतं, जलमभर खाजवत राईन, पन जानार नाई. कोनी इचारलंच नाई मले."

पोर रडायला लागलं. तिनं त्याला दुसऱ्या कडेवर घेतलं, पदर सारखा केला आणि गेली. तो माणूस तिच्यासाठी थांबला होता. दोघं गोऱ्हा घेऊन गर्दीत शिरले.

तिला कुणी विचारलं नाही, हे खरं. पारावर बाईला विचारत नाहीत. पुरुषाला विचारतात, आणि घाईत काही होऊ नये म्हणून तीनदा विचारतात, तशी रीतच आहे. पंचांनी मला तीनदा विचारलं होतं. तिन्ही वेळा मी हो म्हटलं होतं.